रग्बीतून ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये: माइक पाइकला जमलं ते फोलाऊला का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाचा सिडनीत वाढलाय, वय सतरा, उंची १९५ सेंटीमीटर, शाळेच्या संघातून रग्बी युनियन खेळतो. कुणीतरी त्याला कॅनडाच्या माइक पाइकचं उदाहरण देऊन ‘तू फूटीकडे वळ, दोन वर्षांत एएफएलमध्ये दिसशील’ असं डोक्यात भरवलंय. (एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सर्वांत वरची लीग.) घरात त्यावरून वाद चाललाय. असं खरंच होतं का, आणि होत असेल तर त्याची वाट कशी असते, असं तुम्ही विचारलंय.

माझी ओळख एवढीच, की मुंबईत असताना रग्बी खेळलो, मग सिडनीला आलो आणि आता बरीच वर्षं पश्चिमेकडच्या एका उपनगरी क्लबात मुलांना ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकवतोय. इथे त्याला सगळे फूटीच म्हणतात, मीही तसंच म्हणेन. रग्बी सोडून आलेली दोन-चार पोरं तरी दर हंगामात माझ्या हाताखाली असतात.

वाट आहे. ‘दोन वर्षांत’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. आणि पाइकचं उदाहरण देणारे लोक त्याची गोष्ट शेवटाकडून सांगतात, ती सुरुवातीपासून ऐका. त्याला हा खेळ का जमला आणि त्याच्याहून मोठ्या नावांना का जमला नाही, ते त्यातूनच कळतं.

पाइकचा जन्म १९८४ चा, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया शहरातला. उंची दोन मीटर. एवढा उंच माणूस रग्बीत सहसा स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या घोळक्यात, दुसऱ्या रांगेत ढकलायला उभा करतात. हा खेळायचा मागे, फुलबॅक किंवा विंगवर. म्हणजे पळणारा आणि उंच चेंडू झेलणारा. जून २००७ मध्ये न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला कॅनडाने ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाकडून, ६४-१३ असा मार खाल्ला, पण त्या सामन्यातला पाइकचा ट्राय (रग्बीतला गोलच म्हणा) लोकांच्या लक्षात राहिला: समोरच्यांचा पास मध्येच पकडला आणि जवळजवळ अख्खं मैदान पळून गेला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषक खेळला. क्लब पातळीवर स्कॉटलंडमध्ये एडिनबरा आणि फ्रान्समध्ये माँटोबान. म्हणजे सिडनी स्वान्स या एएफएल क्लबाने २००८ च्या शेवटी त्याला घेतलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा, पुरता तयार झालेला आंतरराष्ट्रीय रग्बीपटू होता. फूटीत मात्र कोरी पाटी. क्लबाने त्याला मुख्य यादीत घेतलं नाही, रूकी यादीत घेतलं. रूकी म्हणजे उमेदवार. पगार कमी, अपेक्षा कमी.

२००९ मध्ये तो पहिला सामना खेळला. पुढची दोन-तीन वर्षं कधी संघात, कधी बाहेर. राखीव संघातून खेळायचा, शिकायचा, पुन्हा वर यायचा. मग २९ सप्टेंबर २०१२ ला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर अंतिम सामन्यात स्वान्सनी हॉथॉर्नला ९१-८१ असं हरवलं आणि त्या संघात पाइक होता. एएफएलचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला कॅनेडियन. २०१५ मध्ये निवृत्त झाला तोवर ११० सामने खेळून झाले होते.

आता दुसरी बाजू. साधारण त्याच काळात दोन नवे क्लब एएफएलमध्ये येत होते: २०११ मध्ये गोल्ड कोस्ट आणि २०१२ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी. दोन्ही रग्बीच्या मुलखात. इथे एक काल्पनिक रेघ सांगतात, बरासी लाइन. फूटीतला दिग्गज रॉन बरासी याच्या नावाने. तिच्या एका बाजूला मेलबर्न, ॲडलेड, पर्थ, टास्मानिया म्हणजे फूटीचा मुलूख, आणि दुसऱ्या बाजूला न्यू साउथ वेल्सचा बहुतेक भाग आणि क्वीन्सलंड, म्हणजे दोन्ही रग्बींचा मुलूख. (दोन रग्बी म्हणजे पंधरा जणांची युनियन आणि तेरा जणांची लीग. तुमचा भाचा युनियनवाला.) या मुलखात नवीन क्लब चालवायचा तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येईल असा चेहरा हवा. म्हणून गोल्ड कोस्टने रग्बी लीगचा कारमायकल हंट आणला आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनीने इझराएल फोलाऊ. दोघेही लीगमधले अव्वल खेळाडू. फोलाऊचा करार चार वर्षांचा आणि साठ लाख डॉलरच्या आसपासचा, असं तेव्हा छापून आलं होतं.

फोलाऊ २०१२ च्या हंगामात १३ सामने खेळला, दोन गोल केले आणि वर्ष संपताना फूटी सोडून रग्बी युनियनमध्ये निघून गेला. त्यानंतर काही महिन्यांत, जून २०१३ मध्ये, ऑस्ट्रेलियासाठी पहिल्याच कसोटीत ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्ध त्याने दोन ट्राय केले. म्हणजे माणसात दम नव्हता असं म्हणायची सोयच नाही. हंटचं थोडं बरं झालं. चार हंगाम, ४४ सामने, आणि २०१२ मध्ये केर्न्सला रिचमंडविरुद्ध सामना संपल्याचा सायरन वाजून गेल्यावर त्याने मारलेला गोल, ज्यावर गोल्ड कोस्ट दोन गुणांनी जिंकलं. तो गोल लोक अजून लावून बघतात. पण तोही २०१४ च्या शेवटी युनियनकडे गेला.

तिघांत सर्वांत कमी गाजलेला पाइकच. तरी टिकला तो. का?

माझ्या मते दोन कारणं, आणि त्यातलं पहिलं जास्त वजनाचं. पाइकला अशी जागा मिळाली जिथे त्याच्याकडे आधीपासून असलेलं काहीतरी पहिल्या दिवसापासून उपयोगी होतं आणि नसलेलं लपून राहत होतं. ती जागा म्हणजे रक. (रग्बीतल्या रकशी घोळ करू नका, हा वेगळा.) फूटीत खेळ थांबला की अंपायर चेंडू वर उडवतो, आणि चेंडू सीमारेषेबाहेर गेला की रेषेवरचा अंपायर तो आत फेकतो. दोन्ही वेळी दोन्ही संघांचा एकेक उंच गडी उडी मारून तो आपल्या माणसांकडे ढकलतो. हा रकमन. एका सामन्यात असे प्रसंग सत्तर-ऐंशी तरी येतात.

हे जवळून बघण्यासारखं असतं. मैदानाच्या मधोमध चेंडू उडतो तेव्हा दोन्ही रकमन समोरासमोरून धावत येतात आणि गुडघा पुढे काढून हवेत एकमेकांवर आदळतात. पूर्वी कितीही लांबून धावत यायचे, त्यात गुडघ्यामागचे अस्थिबंध फाटायला लागले, म्हणून २००५ पासून दहा मीटरच्या वर्तुळाच्या आतूनच धावायचं असा नियम झाला. भाच्याच्या आईला गुडघ्यांची काळजी असेल तर हे सांगा. सीमारेषेवरच्या फेकीत मात्र धाव नसते. तिथे दोघं अंगाला अंग लावून उभे असतात, चेंडू उंचावरून येत असतो आणि पकडापकडी, धक्काबुक्की न करता फक्त कमरेने आणि खांद्याने आपली जागा राखायची असते. हा भाग रग्बीवाल्याला उपजत येतो. पाय किती रुंद ठेवायचे, कंबर किती खाली ठेवायची, समोरचा ढकलतोय तेव्हा त्याच्या जोराचा आधार कसा घ्यायचा, हे त्याला शिकवावं लागत नाही. मेलबर्नच्या एखाद्या उंच, सडपातळ पोराला हे यायला तीन वर्षं लागतात, कारण तोवर त्याच्या अंगात ताकदच भरलेली नसते.

शिवाय रकमनने लांबून अचूक किक मारावी अशी फार अपेक्षा नसते. चेंडू खाली पडला की तो बारक्या, चपळ मिडफिल्डरांचा. रकमन पुढच्या ठिकाणाकडे धावत सुटतो. म्हणजे पाइकचं कच्चं अंग, पायाचं कौशल्य, रोज चव्हाट्यावर येत नव्हतं. त्यात २०१० मध्ये जिलाँगहून शेन ममफर्ड आला. धिप्पाड, खमक्या रकमन. मुख्य भार त्याने उचलला, पाइक त्याचा जोडीदार म्हणून वाढला. २०१२ च्या अंतिम सामन्यात दोघंही होते.

फोलाऊला उभं केलं पुढच्या फळीत, गोलासमोर. तिथे प्रत्येक चूक दिसते. चेंडू सुटला, दिसलं. नेम चुकला, धावफलकावर दिसलं. आणि संघ नवाकोरा, बहुतेक पोरं अठरा-एकोणीसची. केविन शीडीसारखा मुरलेला प्रशिक्षक असूनही त्या हंगामात त्या क्लबाने दोनच सामने जिंकले. पुढे उभ्या असलेल्या माणसापर्यंत चेंडूच धड येत नव्हता. शिकायला आलेल्याला रोज पोस्टरवर झळकावं लागत होतं. दुसरं कारण ते हेच: पाइकला चुका करायला अंधार मिळाला, फोलाऊला एक दिवसही मिळाला नाही.

आता रग्बीतलं काय मोडावं लागतं ते सांगतो, कारण भाच्याचा खरा घाम तिथे निघणार आहे.

रग्बीचं मैदान सरळ आहे. माझी माणसं मागे, त्यांची पुढे, मध्ये ऑफसाइडची रेषा. पास फक्त मागे द्यायचा. त्यामुळे रग्बीपटूची मान नैसर्गिकपणे पुढेच असते. पाठीमागून मारायला कुणी येईल ही भीती त्याला क्वचितच असते. फूटीत ऑफसाइड नाही. अंडाकृती मैदान, १३५ ते १८५ मीटर लांब, एका बाजूला अठरा जण, आणि ते सगळीकडे पसरलेले. चेंडू हातात आला की पहिला हात पाठीमागून पडतो. कबड्डीत चढाईला गेलेल्याला मागून येणारा कोपरारक्षक दिसत नाही, पण पाठीला जाणवावा लागतो, तसं आहे हे. माझ्याकडे येणाऱ्या रग्बीच्या पोरांना मी पहिले काही आठवडे एकच गोष्ट करायला लावतो: चेंडू हाताला लागायच्या आधी एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघ. सोपं वाटतं. दमलेल्या अवस्थेत कुणालाही आठवत नाही.

याहून चिवट सवय म्हणजे टॅकल (समोरच्याने पकडून पाडणं) अंगावर घेण्याची. रग्बीत टॅकल होणं हा अपमान नाही, तो खेळाचा भाग आहे. तू धडक मारतोस, खाली जातोस, चेंडू आपल्या बाजूला ठेवतोस, मागून माणसं येतात, खेळ चालू. फूटीत हेच केलं तर शिट्टी. चेंडू सोडायची संधी असताना सोडला नाही आणि पकडला गेलास, की समोरच्याला फ्री किक. प्रेक्षकांतून ‘बॉऽऽल’ असा एकच गजर उठतो, तो याच क्षणाला. त्यामुळे धडक दिसली की आनंदाने तिकडे जाणारा, रग्बीत ज्याची पाठ थोपटली जायची तो पोरगा, इथे पहिल्या सामन्यात चार-पाच फ्री किक देऊन येतो आणि त्याला कळतच नाही चुकलं काय. शिवाय चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळव्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. घाईत रग्बीवाल्याचे हात आपोआप पास फेकतात. हे मोडायला माझ्या अनुभवात अख्खा एक हंगाम जातो, कधी दोन.

टॅकल करण्याच्या बाबतीत मात्र तो राजा. खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर, हे माप रग्बीवाल्याला सहज पाळता येतं. फक्त दोन दुरुस्त्या कराव्या लागतात: पाठीत ढकलायचं नाही, आणि नुसतं पाडून उपयोग नाही, हात जखडून टाकायचे, म्हणजे त्याला चेंडू सोडताच येत नाही.

उंच चेंडूचं थोडं सविस्तर लिहितो, कारण भाचा फुलबॅक खेळत असेल तर त्याला वाटेल की हे मला येतंच. रग्बीत उंच चेंडू छातीशी, पोटाशी घ्यायला शिकवतात. हातांची झोळी, कोपरं आत. आणि हवेत असलेल्या माणसाला टॅकल करायला रग्बीत सक्त मनाई आहे, त्यावर कार्ड निघतं. म्हणजे तो एका संरक्षित जागेत झेल घेतोय. फूटीत असलं संरक्षण नाही. किक केलेला चेंडू पंधरा मीटरच्या वर प्रवास करून थेट हातात आला तर तो मार्क, आणि मार्क घेणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. म्हणून तो मार्क हाणून पाडायला मागून मूठ येते, किंवा कुणीतरी चक्क तुमच्या खांद्यावर गुडघा ठेवून वर चढतं, आणि चेंडूसाठीच चढला असेल तर ते नियमात बसतं. पोटाशी चेंडू यायची वाट बघणाऱ्याच्या नाकासमोरून तो निघून जातो. चेंडू डोक्याच्या वर, हात पूर्ण ताणून, बोटांनी घ्यावा लागतो. पाइकला यात दोन गोष्टी अनुकूल होत्या: दोन मीटर उंची, आणि उंच चेंडूखाली उभं राहायची जुनी निर्भयता. फोलाऊलाही हवेतला खेळ चांगला येत होता, लीगमध्ये त्याचं नाव त्यावरच झालं होतं. पण लीगमध्ये कोपऱ्यात उंच किक पडते तेव्हा ती कुठे पडणार हे आधीच ठरलेलं असतं. फूटीत ती कुठे पडणार हे ओळखून आधी तिथे पोचावं लागतं. ते ओळखणं लहानपणापासून खेळलेल्यांच्या पायात असतं, आणि मोठेपणी आलेल्याला ते सगळ्यांत शेवटी येतं.

किकबद्दल. रग्बीवाला किक मारतो ती जमीन मिळवायला: चेंडू लांब जाऊ दे, रेषेबाहेर जाऊ दे. फूटीत किक म्हणजे पास आहे, चाळीस मीटरवर धावणाऱ्या आपल्या माणसाच्या हातात द्यायचा. त्यासाठीची किक म्हणजे ड्रॉप पंट. चेंडू उभा धरायचा, टोक खाली, दोन्ही बाजूंनी तळवे. किक मारणारा पाय उजवा असेल तर उजवा हात चेंडूला मांडीच्या रेषेत खाली नेतो, डावा आधीच सुटलेला असतो. पायाचा पंजा ताठ, बोटं पुढे ताणलेली, चेंडू पावलाच्या वरच्या हाडावर लागतो आणि उलटा, मागे मागे फिरत जातो. त्या फिरण्यामुळेच तो हवेत सरळ राहतो आणि पकडणाऱ्याला सोपा जातो. रग्बीच्या पोरांचं हमखास एकाच ठिकाणी बिघडतं: चेंडू छातीपासून सोडतात आणि आडवा सोडतात, कारण त्यांना फिरकी मारत लांब जाणाऱ्या किकची सवय असते. मी त्यांना पळायलाच लावत नाही. एका जागी उभं राहा, चेंडू मांडीपासून वीतभरावर आण आणि तिथून सोड. लाथ नंतर. सोडणं जमलं की बाकीचं येतं. आणि दोन्ही पायांनी. एका पायाचा माणूस वरच्या पातळीवर आठ-दहा मिनिटांत ओळखला जातो, मग त्याला मुद्दाम कच्च्या बाजूला वळवतात.

धावण्याबद्दल मोजकंच. फूटीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या चार डावांचा, पण थांबलेला वेळ धरून प्रत्येक डाव अर्ध्या तासाला पोचतो. मिडफिल्डर बारा-तेरा किलोमीटर सहज पळतो. रग्बीत मागे खेळणारा साधारण त्याच्या निम्मा. रग्बीसाठी कमावलेलं पाच-सात किलो अंग इथे चौथ्या डावात नको होतं.

आता थेट भाच्याकडे येतो. १९५ सेंटीमीटर ही फूटीच्या रकमनसाठी कमी उंची आहे. एएफएलमधले बहुतेक रकमन २०० च्या आसपास किंवा वर असतात. वय सतरा आहे, अजून वाढेल की नाही हे त्याचे डॉक्टर तुम्हाला सांगू शकतील. वाढला तर रक. नाही वाढला तर बचावातली उंच जागा, जिथे मुख्य काम समोरच्या उंच फॉरवर्डचे झेल मोडून काढणं हे असतं. रग्बीतून आलेल्याला तीही मानवते, कारण तिथेही आधी हिंमत आणि अंग लागतं, बारीक कौशल्य नंतर. मिडफिल्डची स्वप्नं त्याला बघू देऊ नका. आणि गोल करायची हौस असेल तर ती रविवारच्या सामन्यात भागवून घेऊ दे.

वयाची घाई करू नका, हे घरी ठणकावून सांगा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, अठराव्या वर्षी नाव येतं, पण उंच खेळाडू उशिरा पिकतात. बावीस-चोवीसला संघात स्थिरावणारे रकमन भरपूर आहेत. पाइकने तर चोविसाव्या वर्षी सुरुवात केली. तेव्हा रग्बीचा चालू हंगाम अर्धवट सोडू नये. शाळेचा संघ, मित्र, प्रशिक्षकाला दिलेला शब्द, हे सगळं तोडून फूटीत आलेलं पोर दोन महिन्यांत एकटं पडतं, हे मी पाहिलंय.

पाइकसारखी मोठेपणीची उडी हा एकच रस्ता नाही, हेही लक्षात ठेवा. त्याच २०१२ च्या विजेत्या संघात कीरन जॅक होता. त्याचे वडील गॅरी जॅक म्हणजे बाल्मेन क्लबाचे आणि ऑस्ट्रेलियाचे रग्बी लीगमधले नावाजलेले फुलबॅक. मुलगा सिडनीतच वाढला, लहान वयात फूटीकडे वळला, रूकी म्हणून स्वान्समध्ये आला आणि पुढे संघाचा सहकर्णधार झाला. उंचीने साधारण, पण मिडफिल्डमध्ये खेळला. त्याला ते जमलं कारण तो वेळेत आला. २०१० पासून उत्तरेकडच्या चारही क्लबांच्या अकादमी चालू झाल्या. रग्बीच्या मुलखातल्या मुलांना दहा-बारा वर्षांपासूनच हाताशी धरायचं, म्हणजे पुढे कोट्यवधी खर्चून फोलाऊ आणावा लागणार नाही, असा साधा हिशोब. आयझॅक हीनी न्यूकॅसलच्या बाजूचा, तो सगळा पट्टा रग्बी लीगचा. स्वान्सच्या अकादमीतून आला आणि आज त्याचं नाव एएफएलमधल्या पहिल्या रांगेत घेतात. घरात आणखी लहान भावंडं असतील तर त्यांच्यासाठी तो रस्ता जास्त सरळ आहे.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. एएफएलची महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षांत हंगाम छोटा होता, त्यामुळे दुसऱ्या खेळातल्या मुलींना येणं सोपं गेलं. क्लोई डाल्टन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बी सेव्हन्सचं (सात-सात जणांच्या रग्बीचं) सुवर्णपदक जिंकून मग कार्लटनकडून फूटी खेळली. ती त्याआधी बास्केटबॉलही खेळायची. सेव्हन्समध्ये मोकळी जागा शोधावी लागते, पळावं लागतं, म्हणून माझ्या मते पंधराच्या रग्बीपेक्षा सेव्हन्समधून आलेला खेळाडू फूटीत लवकर रुळतो. भाचा कधी सेव्हन्स खेळला असेल तर ती जमेची बाजू धरा.

आत्ता प्रत्यक्ष काय करावं? रग्बी चालू ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास फक्त चेंडू सोडणं आणि दोन्ही पायांनी छोट्या किक. रग्बीच्या चेंडूवर सराव करू नका. फूटीचा शेरिन चेंडू थोडा लहान आणि निमुळता असतो, पायावर वेगळा बसतो, म्हणून तो एक विकत घ्या. दोन किलोमीटरची धाव वेळ लावून, कारण ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत तीही असते. जोडीला वीस मीटरची धाव आणि धावत येऊन मारलेली उडी. सिडनीतल्या काही शाळांत आता फूटीचे संघही आहेत, त्याच्या शाळेत असेल तर सरावाला नुसतं जाऊन उभं राहायला हरकत नाही.

आणि क्लबात नाव नोंदवायच्या आधी एक गोष्ट नीट तपासा. क्लबांच्या याद्यांत ‘ब’ वर्गाचा रूकी असा एक प्रकार आहे. तो मुख्यतः परदेशी आणि इतर खेळांतून येणाऱ्यांसाठी ठेवलाय. त्यात ऑस्ट्रेलियातलाच मुलगा बसायचा तर साधारण अट अशी, की तो आधीची तीन वर्षं कुठल्याही फूटी स्पर्धेत नोंदणीकृत नसावा. म्हणजे भाच्याने उद्या उत्साहात स्थानिक क्लबाचा अर्ज भरला, चार सामने खेळला, तर ही बाजू बंद होते आणि मग ड्राफ्टची रांग उरते. वयाच्या सतराव्या वर्षी, अजून किक सरळ जात नसताना, माझा कल तरीही क्लबात खेळण्याकडे आहे, कारण सामने न खेळता हा खेळ येत नाही. पण त्याच्याकडे खरंच असामान्य वेग किंवा उडी असेल आणि एखाद्या एएफएल क्लबाच्या माणसाने आधीच चौकशी केली असेल, तर सही करण्याआधी त्याच माणसाला विचारा. नियम दर काही वर्षांनी बदलतात, त्या हंगामाचे त्याला तोंडपाठ असतात.